बघून घ्या

६ जानेवारी

ही डायरी दोन वर्षं जुनी आहे. वर जुन्या डेअरीचा शिक्का आणि प्रत्येक महिन्याला एक म्हैस. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. नवी घ्यायला औंधच्या बाजारात गेलो असतो, तर दुकानदारानं आधी "काय साहेब, सध्या कुठं?" असं विचारलं असतं आणि मग डायरी काढली असती. त्यापेक्षा हीच बरी. मे महिन्यातली काही पानं तेव्हाच्या लॅबच्या टिपणांनी भरलेली आहेत. ती मी उघडत नाही.

लिहायला लावलं क्रांतीनं. क्रांती माझी पुतणी, पुण्यात एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते. वय चोवीस. काल फोनवर मला म्हणाली, "काका, मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. आधीच्या नोकरीतली एक चूक सांगा. तुम्ही प्रत्येक वेळी तिथंच अडकता. उत्तर लिहून काढा आणि पाठ करा." मी एकोणीस वर्षं दूध तपासलं. वासावरून सांगायचो, कॅन उन्हात किती वेळ होता ते. आता चोवीस वर्षांच्या पोरीकडून धडे घ्यायचे. घेतो बापडा.

प्रश्न: आधीच्या नोकरीतली एक चूक सांगा.

उत्तर: माझी चूक एवढीच की मी वरिष्ठांवर विश्वास ठेवला.

झालं ते असं. १२ मे २०२३. चेअरमनच्या पुतण्याच्या केंद्रावरून दुधाचा टँकर आला. गाईला इंजेक्शन दिलं की चार-पाच दिवस तिचं दूध डेअरीला घालायचं नसतं. लोक घालतात. ते पकडायला आमच्याकडं एक पट्टी असते, दुधात बुडवली की तिच्यावर दोन रेघा उठाव्या लागतात. त्या दिवशी एकच उठली. मी प्लँटचे प्रमुख शंभूराज साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "इंद्रजितराव, बघून घ्या."

डेअरीत शेंबड्या पोरालाही कळतं, बघून घ्या म्हणजे काय. म्हणजे सांभाळून घ्या, होऊ द्या. टँकर रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच हजार लिटरचं दही लागलेलंच नव्हतं. कप हलवला की आत दूध डुचमळायचं. औषध असलेल्या दुधात विरजण मरतं. सगळं ओतून टाकावं लागलं. चौकशीत साहेब काय म्हणाले? "मी तर बघून घ्या म्हणालो होतो. म्हणजे नीट तपासून बघा. आणखी काय अर्थ होतो त्याचा?" समोरच्या तिघांनी माना डोलावल्या. माझा राजीनामा घेतला. लॅबमधली एक ट्रेनी पोरगीही गेली, रजिस्टरवर सही तिची होती.

साहेब अजून तिथंच आहेत.

११ जानेवारी

फलटणला जाऊन आलो. दह्या-ताकाचा नवा प्लँट आहे. समोर एकच माणूस, बुटाला पॉलिश, टेबलावर बदामाची वाटी. प्रश्न आलाच. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं, साहेबांचं वाक्य त्यांच्या आवाजात सांगितलं.

तो म्हणाला, "ही चूक तुमच्या साहेबांची झाली. तुमची कुठली?"

"मी विश्वास ठेवला."

त्यानं एक बदाम तोंडात टाकला. "उद्या आमच्याकडून गेलात की आमचंही नाव असंच सगळीकडं सांगाल."

खरं सांगावं तर ही किंमत. परत येताना एसटीत बसायला जागा मिळाली नाही. उभ्यानं आलो आणि दहिवडीपर्यंत त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

१३ जानेवारी

भोगी. अंजनानं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. ताटावर तिनं तिच्या भावाचा विषय काढला. रविराजचं कोरेगाव रोडला मंगल कार्यालय आहे. "दादा कवाचा म्हनतोय, दाजींनी मॅनेजर म्हनून यावं."

"पंगतीत मठ्ठा पुरला का ते बघायला?"

"मग काय झालं? मठ्ठ्याला बी दूधच लागतंय की."

बायको माझी हुशार आहे. पण मला लॅब पाहिजे. पांढरा कोट, टेबलावर माझ्या नावाची पाटी, आणि टँकरवाल्यानं खाली उतरून "साहेब, झालं का?" असं विचारणं. ते नाही मिळालं तर मी कुणाच्या तरी लग्नात आयुष्यभर वाढप्यांवर ओरडत राहणार. नऊ मार्चला मला पंचेचाळीस पूर्ण होतात. त्यानंतर जाहिरातीतसुद्धा माझ्यासाठी जागा नाही.

आण्णा ऐकत होते. आण्णा म्हणजे माझे वडील, हवालदार केरबा, पलटणीतून येऊन तीस वर्षं झाली तरी अजून पहाटे साडेचारला दाढी करतात. भाकरी मोडत म्हणाले, "इंद्रा, तुझ्या सायबानं हुकूम तोंडी दिला व्हता न्हवं?"

"होय."

"आमच्याकडं तोंडी हुकूम आला की परत म्हनून दावायचा. पूल बघून ये म्हनला, की आपुन म्हनायचं, पूल बघून येतो, तुटला आसंल तर गाडी थांबवतो. तू म्हनला व्हतास? टँकर खाली करतो, आसं?"

"आण्णा, ती डेअरी होती. पलटण नव्हती."

"व्हय. बंदुकीचं एक बरं आसतं, लेकरं ती पीत न्हाईत."

पुढं भोगीची भाजी गोड लागली नाही.

२८ जानेवारी

आज मोबाइलवर मुलाखत. कुठली तरी पुण्याची कंपनी. क्रांतीनं नवं उत्तर दिलं होतं: चूक अशी सांगायची की ती गुण वाटली पाहिजे. मी वरती शर्ट-टाय, खाली लेंगा, अशा अवस्थेत म्हणालो, "मी कामात फार बारकाईनं बघतो, त्यामुळे कधी कधी उशीर होतो. हीच माझी चूक."

पलीकडच्या मुलानं जांभई दाबली. "सर, बारकाईनं बघणारे आज तुम्ही नववे."

बाहेर आण्णा शेळीला पाला टाकत होते. त्यांनी ऐकलं असणार. काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

३ फेब्रुवारी

सांगलीची जाहिरात! मोठी डेअरी, लॅबचा शिफ्ट इनचार्ज, अनुभव पंधरा वर्षं, वय पंचेचाळीस पूर्ण झालेलं नसावं. माझ्यासाठीच छापल्यासारखी. खाली संपर्काचं नाव वाचलं आणि दोनदा वाचलं. ब्राह्मी मगदूम, गुणवत्ता विभाग.

आपली ब्राह्मी. त्या दिवशी लॅबमध्ये होती ती ट्रेनी. कवठे महांकाळची, वडिलांचं किराणा दुकान. पोरगी चांगली होती. जैन असल्यामुळे बटाटा खायची नाही, कँटीनमध्ये तिच्या वाट्याचा वडा रोज माझ्या ताटात यायचा. काम मीच शिकवलं. पट्टी दुधात किती वेळ धरायची, घड्याळ न बघता कसं ओळखायचं, सगळं. नोकरी गेल्यावर वर्षभर तिला कुणी दारात उभं केलं नाही असं ऐकलं होतं. पण पोरींचं काय, घरचं दुकान होतंच. आणि बघा आता, माझ्या वर बसली आहे. माझी नोकरी गेली ती गेलीच, तिची मात्र वाढली. जगाचा न्याय असा असतो.

फोन लावला. मी म्हणालो, "ब्राह्मी, ओळखलंस का? इंद्रजित सर."

ती म्हणाली, "नमस्कार सर. अर्ज पाठवा. सगळ्यांसारखाच."

सगळ्यांसारखाच म्हणे. मी ते मनावर घेतलं नाही. मोठेपणानं म्हणालो, "जुनं काही मनात ठेवू नकोस हां."

"नाही सर. मनात नाही ठेवत. मी आता सगळं लिहून ठेवते."

कामसू पोरगी. ही सवयही मीच लावलेली.

१४ फेब्रुवारी

मुलाखतीचं पत्र आलं. २४ तारीख. अंजनाला दाखवलं तर खूश व्हायचं सोडून तिनं नावावर बोट ठेवलं.

"ही तीच न्हवं? बापाला घिऊन आपल्या दारात आलेली?"

मला ते आठवायचं नव्हतं. लिहायचंही नव्हतं, पण क्रांती म्हणते सगळं लिहा. चौकशीच्या आदल्या दिवशी ब्राह्मी आणि तिचे वडील कवठे महांकाळहून इथवर आले होते. मी उद्या चौकशीत दोन वाक्यं बोलावीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी आत होतो. अंजनाला म्हणालो, घरी नाहीत म्हणून सांग.

"मी सांगितलं," अंजना म्हणाली. "तुमच्या चपला दारातच व्हत्या. त्या मानसानं चपलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी पानी दिलं तर दोघांनी बी घेतलं न्हाई."

"दिवस मावळला होता. ती माणसं दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांच्या धर्मात आहे ते."

"ऊन व्हतं आवं. मी वाळवान काढत व्हते गच्चीवरनं."

दोन वर्षांपूर्वीचं ऊन हिला आठवतंय. माझ्या आठवणीप्रमाणे दिवस मावळला होता. आणि मी बोललो असतो तरी काय झालं असतं? माझी नोकरी तेव्हा अजून जायची होती. मला घर होतं, आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर होतं. तिच्या मागं बाप होता. ज्यानं त्यानं आपलं बघायचं असतं.

२४ फेब्रुवारी

सांगली. सविस्तर लिहितो, कारण दिवस चांगला गेला.

समोर दोघे. मालकांचा मुलगा अरिहंत सर, तिशीचे, हसतमुख. शेजारी ब्राह्मी. चष्मा लागलाय तिला. मी "अगं" म्हणणार होतो, जीभ आवरली आणि मॅडम म्हणालो. दुधाचे प्रश्न मी उडवून लावले. अरिहंत सरांनी तीन बाटल्यांतले नमुने पुढं ठेवले. मी वास घेऊन सांगितलं, हे म्हशीचं, हे कालचं, ह्यात सोडा आहे. त्यांनी ब्राह्मीकडं बघून भुवया उंचावल्या. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं तुम्हाला." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मग तिनंच तो प्रश्न काढला. "आधीच्या नोकरीतली एक चूक सांगा, सर."

मी टँकरची हकिकत सांगितली. तिनं विचारलं, "टँकर थांबवायचा अधिकार कुणाचा होता?"

"कागदावर माझा."

"पट्टी आधी कुणी बघितली?"

"लॅबमधल्या एका ट्रेनीनं." मी मुद्दाम नाव घेतलं नाही. सरांसमोर तिला कमीपणा नको.

"तिनं तुम्हाला काय सांगितलं?"

"नीटसं काही सांगितलं नाही. नवीन होती, घाबरलेली."

तिनं कागदावर काही लिहिलं. "तिनं काय सांगितलं, आठवून बघा सर. घाई नाही."

"नाही, स्पष्ट असं काही बोलली नव्हती."

"आणि तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"बघून घे म्हणालो. म्हणजे परत एकदा नीट तपासून बघ."

अरिहंत सर हसले. "मग तुमच्या साहेबांनीही तुम्हाला तेच सांगितलं होतं ना?"

"नाही सर. त्यांचा अर्थ वेगळा होता."

ब्राह्मीनं पेनाचं टोपण लावलं. "ठीक आहे. आम्ही बघून घेतो, सर."

सर म्हणाली मला, साहेबांच्या देखत. आणि त्या ट्रेनीचा विषय तिनं वाढवला नाही, ती मीच आहे असं बोलली नाही. जुन्या मिठाला जागली म्हणायची. स्टँडवर घरासाठी भडंग घेतली, आण्णांना दात नाहीत तरी घेतली.

२७ फेब्रुवारी

आण्णा आज विचारतात, "ती पोरगी शेवटाला काय म्हनली?"

"बघून घेतो म्हणाली."

"म्हंजी काय?"

"म्हणजे काम होईल. आमच्या धंद्यात तसंच बोलतात."

"आमच्या गावात बांधाच्या भांडनात बी मानूस म्हनतो, तुला बघून घेतो. परत म्हनून घेतलंस का तिच्याकडनं?"

लय राग आला. ह्या घरात आनंदाला कुणी टिकूच देत नाही. म्हातारा भडंग चघळत माझ्याकडं बघत बसला होता.

८ मार्च

बारा दिवस झाले. पत्र नाही, फोन नाही. उद्या पंचेचाळीस पूर्ण. सकाळपासून तीनदा मोबाइल हातात घेऊन खाली ठेवला. शेवटी परसात शेळीजवळ जाऊन लावला.

"मॅडम, त्या दिवशी आम्ही बघून घेतो म्हणालात. म्हणजे नक्की काय?"

पलीकडं यंत्रांचा आवाज येत होता. मग तो बंद झाला, ती दार लावून घेऊन बसली असावी.

"त्याचा अर्थ तुम्ही मला विचारताय, सर?"

मी शेळीच्या दाव्याची गाठ सोडून परत बांधली.

"जागा भरली. लेखी पत्र उद्या निघेल. तोंडी कशाला ठेवायचं?"

"अगं, पण नमुने तर मी सगळे बरोबर..."

"बरोबर ओळखले. तुम्हाला दूध कळतं, हे मी अरिहंत सरांना आधीच सांगितलं होतं. तुमचंच नाव वर लिहिलं होतं मी. फक्त एक विचारायचं होतं. ट्रेनीनं तुम्हाला काय सांगितलं. दोनदा विचारलं."

शेळी ओरडायला लागली. मी तिच्या तोंडात पाला कोंबला.

ब्राह्मी म्हणाली, "वर्षभर मी प्रत्येक मुलाखतीत ह्याच प्रश्नाचं उत्तर देत होते, सर. चूक सांगा म्हणायचे. मी सांगायची, अयोग्य दुधाला योग्य लिहून सही केली. का केली विचारायचे. त्याला माझ्याकडं एवढंच होतं, सरांनी बघून घे म्हणून सांगितलं. लोक हसायचे. तुम्ही एकदा खरं बोलला असता, तर तेवढं पुरलं असतं मला. आता सुद्धा."

फोन तिनंच ठेवला.

आत आलो तर अंजना म्हणाली, "काय म्हनाली?" मी म्हटलं, जागा भरली. माझ्या जागी दुसरं कुणी बघितलं म्हणे. अंजनानं माझ्या चपला उचलून दारातून बाजूला ठेवल्या.

९ मार्च

पंचेचाळीस. अंजनानं शेवयांची खीर केली. आण्णा म्हणाले, "दीर्घायुषी हो," आणि परत दाढीच्या सामानाकडं वळले.

दुपारी मे महिन्याची पानं उघडली. दोन वर्षं उघडली नव्हती. १२ मे. अक्षर माझंच, घाईतलं, पण कुणालाही लागेल असं.

११.२० ब्राह्मी. पट्टी नापास. टँकर घेऊ नका म्हणते.
११.३० परत आली. घेऊ नका सर, दही लागणार नाही.
११.४० साहेब: बघून घ्या.
११.४५ टँकर खाली. सही ब्राह्मीची घेतली.

दही लागणार नाही, हेसुद्धा सांगितलं होतं पोरीनं. ट्रेनी होती. सहा महिने झाले होते तिला येऊन. हे पान चौकशीच्या दिवशी माझ्या पिशवीत होतं, मांडीवर.

फार वाईट वाटतंय असं लिहिलं, तर तेही पाठ केलेलं उत्तर वाटेल. तरी वाटतंय.

प्रश्न: आधीच्या नोकरीतली एक चूक सांगा.

उत्तर: तिनं मला दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.

एवढंच आहे. पाठ करायची गरज नाही. क्रांतीला फोन करून सांगावं म्हटलं, पण आता कोण विचारणार आहे मला? रविराजनं मुलाखत घेतली नाही. उद्या या म्हणाला, मोठं लग्न आहे, मठ्ठ्याचं तेवढं बघून घ्या.